जुन्या पिकअपसाठी टेंपरेचर गन: आठ महिन्यांचा अनुभव

माझी पिकअप 2009 ची, बिनएसीची. नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जायचं, येताना कल्याणला किराणा भरायचा आणि माळशेज चढायचा. जाताना इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर असायचा. येताना मोरोशीच्या पुढे चढ लागला की तोच काटा लालकडे निघायचा. मग गाडी बाजूला लावून बोनेट उघडायचं आणि अर्धा तास नुसतं बसायचं.

एका मिस्त्रीने थर्मोस्टॅटचा वाल (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला. त्याने घाटातला ताप गेला नाहीच, उलट थंडीत सकाळी इंजिन गरम व्हायलाच उशीर लागायला लागला. दुसऱ्याने ‘हेड गॅसकेट उडालंय, हेड खोलावं लागेल’ म्हणून सांगितलं. (गॅसकेट म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली, वायू आणि पाणी वेगळं ठेवणारी पट्टी.) हेडचा खर्च ऐकला आणि आधी अकराशे रुपयांची ही गन घेतली, वस्तूला न टेकवता लांबूनच तापमान दाखवणारी.

पहिल्याच दिवशी वाटलं, पैसे पाण्यात गेले. वाल जिथे बसतो त्या ॲल्युमिनियमच्या घरावर धरली तर 46 अंश, आणि बोट लावलं तर चटका! चकचकीत धातूवर ही गन कमीच आकडा दाखवते. त्या जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला आणि परत धरली, तर 84. रबरी होजवर किंवा काळ्या रंगावर टेपची गरज पडत नाही. दुसरं म्हणजे लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो. माझी गन 12:1 ची आहे, म्हणजे बारा इंचांवरून ती एक इंचाच्या गोलाची सरासरी घेते. लांबून धरलं तर रेडिएटरबरोबर शेजारचा पत्राही मोजला जातो.

निदान लागलं ते रेडिएटरवर. इंजिन चांगलं तापवलं आणि पुढच्या जाळीतून डावीकडून उजवीकडे गन फिरवत गेलो: 84, 82, 81, आणि मग एकदम 52, 49. उजवीकडचा उभा पट्टाच गार. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं. जाताना उरलेल्या नळ्या पुरत होत्या, येताना भरल्या गाडीला घाट चढताना पुरत नव्हत्या. तांब्याचा रेडिएटर असल्याने वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता आलं. नळ्यांतून पांढरा क्षार निघाला, किटलीच्या तळाला बसतो तसा. दोष माझाच. वाटेत मिळेल त्या बोअरचं पाणी ओतत आलो होतो. आता डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. वालही नवा बसवला, 82 अंशांना उघडणारा, आणि रेडिएटरचं झाकण बदललं. झाकणाचा दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं, हे बरेचजण विसरतात.

गॅसकेट फुटलंय का ते मात्र गन सांगत नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे सारखे येतात का ते पाहिलं. नव्हते. (गरम इंजिनचं झाकण उघडू नका. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.)

चार महिन्यांनी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा चढला. या वेळी रेडिएटर सगळीकडून सारखाच तापलेला, कुठे गार पट्टा नाही. म्हणजे पाणी फिरत होतं, हवा कमी पडत होती. घरी आल्यावर बंद, गार इंजिनचा पंखा बोटाने ढकलला तर गरागरा फिरला. जराही अडला नाही, म्हणजे व्हिस्कस क्लचमधलं (इंजिनचा जोर घट्ट तेलातून पंख्याला देणारा भाग) तेल गळून गेलं होतं. तो बदलला, विषय संपला.

गनच्या तक्रारीही आहेत. भर उन्हात आकडा दिसत नाही, हाताची सावली धरावी लागते. ट्रिगर ढिला झालाय. 9 व्होल्टची बॅटरी दोनदा बदलली, आणि केबिनच्या कप्प्यात उन्हात राहून प्लास्टिकला तडा गेलाय.

एसीची गाडी असेल तर पुढून मोजू नका. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आकडा त्याचा येईल. इंजिन तापवून बंद करा, आणि मागून, पंख्याच्या बाजूने, लगेच मोजा.