घशात घास अडकल्यास पाठीवर थापा की पोटावर दाब?

घरी वृद्ध आई आणि तान्हे बाळ असलेल्या शेजाऱ्यांनी विचारले की यांपैकी कोणता उपाय शिकावा. व्यक्ती जोराने खोकत असेल तर दोन्ही टाळून तिला खोकूच द्यावे. थापा शिकायला सोप्या व कमी जोखमीच्या आहेत: पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. अमेरिकी डॉक्टर हेन्री हाइमलिख यांनी 1974 मध्ये मांडलेल्या पोटावर दाब देण्याच्या पद्धतीत मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने झटके देतात. त्याने फुप्फुसांतील हवा वेगाने बाहेर पडते, मात्र आतील अवयवांना इजा होऊ शकते, म्हणून नंतर डॉक्टरांकडून तपासणी हवीच. आईसाठी पाच थापा, मग पाच झटके हा क्रम आलटूनपालटून योग्य ठरतो. वर्षाखालील बाळाचे पोट मात्र कधीही दाबू नये. त्याला पालथे, डोके खाली ठेवून थापा आणि मग उताणे करून छातीवर दाब द्यावा. गर्भवतीलाही छातीवरच दाब द्यावा.