फ्रीबीएसडी सोर्समधून अपडेट करणे: वर्षभराच्या वापरानंतर

नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रिंटिंग प्रेसचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. जुना चार कोरचा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, झेडएफएस या फाइल सिस्टमवर दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तीच माहिती) आणि वर नेटवर्कवर फाइल्स देणारं सांबा. लग्नसराईत पत्रिकांच्या फाइल्स दिवसभर ये-जा करतात, त्यामुळे मालकांचं एकच म्हणणं: "भाऊ, काय करायचं ते करजो, पन सकाळी मशीन चालू पायजे." वर्षभरापासून हे मशीन मी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या १४-स्टेबल शाखेवर (रिलीजच्या मधल्या काळातही बदल येत राहणारी शाखा), सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बांधून (कंपाइल करून) चालवतोय.

आधीच सांगतो, बहुतेकांना याची गरज नाही. रिलीज आवृत्ती आणि जेनेरिक (सोबत येणारा, न बदललेला) कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, वापरत असाल तर फ्रीबीएसडी-अपडेट ही तयार बायनरी देणारी कमांड पुरते. स्टेबल शाखेला मात्र ती चालत नाही, आणि मला ब्लूटूथ, सेंडमेल असलं काही सिस्टममध्ये नको होतं. ते एसआरसी डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये बंद करून बांधायचं, म्हणजे सोर्स आलाच.

लोक घाबरतात ते बिल्डवर्ल्डला, म्हणजे कर्नल सोडून बाकी सगळी सिस्टम ('वर्ल्ड') कंपाइल करण्याला. खरं तर सगळ्यात निर्धोक टप्पा तोच. बिल्डवर्ल्ड आणि बिल्डकर्नल जे काही लिहितात ते यूएसआर-ओबीजे फोल्डरमध्ये, चालू सिस्टमला हात लावत नाहीत. मध्येच लाइट गेली तरी फक्त वेळ वाया जातो. सगळ्यात जास्त वेळ क्लँग आणि एलएलव्हीएम, म्हणजे खुद्द कंपाइलर, खातात. पहिल्यांदा दोन-अडीच तास गेले. मग फाइलमॉन मॉड्यूल (बिल्डमध्ये कोणत्या फाइल्स वापरल्या ते टिपणारं) लोड करून मेटा मोड चालू केला. आता जे बदललं तेवढंच पुन्हा बांधलं जातं, छोटा बदल असला की चहा होईपर्यंत काम उरकतं. नागपूरच्या मे महिन्यात मात्र हे रात्रीच करा, राजेहो. बाहेर ४५ अंश असताना चारही कोर पूर्ण लावले की सीपीयू तापून स्वतःच वेग कमी करतो. खोलीत कूलर असेल तर पेटी त्याच्या तोंडासमोर ठेवू नका, ओली हवा थेट आत जाते.

धोका सुरू होतो इन्स्टॉलपासून. पुस्तकी क्रम असा: अपडेटिंग नावाची फाइल वाचा, बांधा, आधी कर्नल टाका, रीबूट करा, मग वर्ल्ड. कारण नवा कर्नल जुने प्रोग्राम चालवून घेतो, उलट्याची खात्री नसते. मी त्यात एक फरक केलाय. बीईसीटीएल कमांडने नवं बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टमची वेगळी बूट होणारी प्रत, बनवतो, ते एमएनटी फोल्डरवर माउंट करतो आणि डेस्टडिर (कुठे टाकायचं तो पत्ता) देऊन कर्नल, वर्ल्ड सगळं तिथेच टाकतो. चालू सिस्टम जशीच्या तशी राहते. मग ॲक्टिव्हेटला 'टी' पर्याय दिला की ते नवं एन्व्हायर्नमेंट फक्त पुढच्या एका बूटपुरतं लागू होतं. मशीन उठलं नाही तर प्रेसमधल्या पोऱ्याला फोन करून बटण दाबून बंद-चालू करायला सांगायचं, जुनी सिस्टम परत येते. मानेवाड्याहून रात्री बारा वाजता गाडी काढावी लागत नाही, हे माझ्यासाठी फार आहे. ग्राहकांच्या फाइल्स वेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसमधला स्वतंत्र कप्पा) असल्यामुळे या अदलाबदलीत त्यांना काही होत नाही.

आता ईटीसीअपडेट, म्हणजे ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंग फाइल्स नव्या आवृत्तीशी जुळवणारी कमांड. माझ्या मते खरं लक्ष इथे लागतं. जुनी मूळ फाइल, नवी मूळ फाइल आणि तुमची फाइल अशी तिहेरी जुळवणी ते करतं. माझ्याकडे अडकते ती एसएसएचडीची (दूरवरून लॉगिन देणारी सेवा) कॉन्फिग. तिच्यात व्हर्जन-ॲडेंडम नावाची तारीख असलेली ओळ आहे, ती नव्या ओपनएसएसएचबरोबर बदलत जाते, आणि मी पासवर्ड लॉगिन बंद केल्याची ओळ नेमकी तिला खेटून लिहिलीय. मग रिझॉल्व्ह करताना ते विचारतं. 'टीएफ' दाबलं तर अख्खी नवी फाइल येते आणि तुमचे बदल साफ. 'ई' दाबून एडिटरमध्ये दोन्ही बाजू वाचायच्या, खुणेच्या ओळी काढायच्या, आणि मगच 'आर', म्हणजे जुळवणी झाली असं सांगायचं. घाईत असाल तर 'पी' दाबून पुढे ढकला, तोवर तुमची फाइल आहे तशीच राहते.

घरच्या लॅपटॉपवर ग्राफिक्स असेल तर डीआरएम (ग्राफिक्स ड्रायव्हरचं) मॉड्यूलही नव्या कर्नलसोबत बांधावं लागतं. मेक डॉट कॉन्फमध्ये पोर्ट्स-मॉड्यूल्सची एक ओळ टाकली की काम भागतं. सर्व्हरवर हा प्रश्न नाही.

काम झालं की फ्रीबीएसडी-व्हर्जनला 'के' आणि 'यू' देऊन कर्नल आणि बाकी सिस्टम जुळतात का ते बघा. डिलीट-ओल्ड (जुन्या फाइल्स काढणं) लगेच चालेल, पण डिलीट-ओल्ड-लिब्ज (जुन्या लायब्ररी काढणं) थांबवा. जुन्या लायब्ररीवर चालणारे पॅकेज असतील तर ते बंद पडतील. आणि झेडपूल स्टेटसमध्ये पूल (झेडएफएसचा डिस्कचा गट) अपग्रेड करा अशी सूचना दिसली तरी दोनेक आठवडे तिकडे लक्ष देऊ नका. पूल एकदा वर गेला की खाली येत नाही, आणि जपून ठेवलेलं जुनं एन्व्हायर्नमेंट कदाचित तो पूल वाचूच शकणार नाही.