कोडइग्नायटर की लारावेल? तयार लायब्ऱ्या मराठी फॉर्मवर घासून बघताना

हातात आलेलं काम साधारण असं असतं: एखाद्या वाचनालयाची किंवा वधू-वर मंडळाची साइट. सभासद नोंदणीचा फॉर्म, फोटो, वर्गणीची पावती आणि वार्षिक सभेचं पत्र सगळ्यांना ईमेलने. होस्टिंग आधीच घेऊन ठेवलेलं, म्हणून पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा ठरलेली. प्रश्न एवढाच उरतो की पीएचपीसाठीच्या तयार चौकटींपैकी, म्हणजे फ्रेमवर्कांपैकी, कोडइग्नायटर ४ घ्यायचं की लारावेल.

दोघांच्या सोयींची यादी समोरासमोर मांडून काही हाती लागत नाही. व्हॅलिडेशन (भरलेली माहिती तपासणं), सेशन, पेजिनेशन, कॅश, एन्क्रिप्शन, ईमेल यांच्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, दोन्हीकडे घरच्याच आहेत. सेशन आणि पेजिनेशनवर तर मी शब्द खर्च करणार नाही, दोन्हीकडे ती निमूटपणे चालतात. फरक कळतो तो फॉर्ममध्ये मराठी नाव पडतं तेव्हा, आणि एकदम पाचशे पत्रं पाठवायची वेळ येते तेव्हा.

नावाचा रकाना

कोडइग्नायटरच्या व्हॅलिडेशनमध्ये ‘अल्फा’ नावाचा नियम आहे. नावाच्या रकान्याला तोच लावावा असं कुणालाही वाटेल. पण हा नियम आतून पीएचपीचं सीटाइप हे अक्षरं तपासणारं फंक्शन वापरतो, आणि त्याच्या लेखी अक्षर म्हणजे इंग्रजी ए ते झेड. ‘सुनंदा’ लिहिलं की फॉर्म परत, वर ‘फक्त अक्षरं टाका’ असा उपदेश. ‘अल्फा स्पेस’ची गतही तीच. लारावेलचा ‘अल्फा’ मात्र युनिकोडमधली (सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली) अक्षरं आणि त्यांना जोडून येणारी चिन्हं, म्हणजे आपले काना, मात्रा, वेलांटी, दोन्ही मान्य करतो. इथे लारावेल सरळ पुढे.

पण हुरळून जाऊ नका. लारावेलच्या या नियमाला रिकामी जागा चालत नाही. त्यामुळे नाव आणि आडनाव एकाच रकान्यात घ्यायचं असेल, तर दोन्हीकडे स्वतःचं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कोणती चिन्हं चालतील याचा नमुना, लिहिणं आलं. त्यात बहुतेक जण अक्षरांचा वर्ग टाकतात आणि चिन्हांचा विसरतात. मग ‘कमल’ पास होते आणि ‘विमल’ नापास.

याहून चिवट प्रकार ‘बऱ्हाटे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांचा. काही कीबोर्ड त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून टाकतात. काही मात्र साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह टाकतात. हा जॉइनर युनिकोडच्या हिशेबात अक्षरही नाही आणि मात्राही नाही, म्हणून लारावेलचा ‘अल्फा’सुद्धा त्याला अडवतो. पडद्यावर दोन्ही आडनावं हुबेहूब सारखी दिसतात. एका फॉर्मवर ‘माझ्या भावाचं आडनाव घेतलं, माझं घेत नाही’ अशी तक्रार आली होती, आणि त्या एका अदृश्य चिन्हापायी माझी अख्खी दुपार गेली. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्याला वेगळी परवानगी द्या. फ्रेमवर्क कुठलंही असो, हे हातानेच करावं लागतं.

लांबी मोजताना दोघं सारखेच वागतात: बाइट मोजत नाहीत, युनिकोडचे घटक (अक्षर, हलन्त, मात्रा प्रत्येकी एक) मोजतात. त्यामुळे ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण मोजणीत सहा भरतं. इंग्रजीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा मराठी पत्त्याला म्हणूनच आखूड पडते.

फोटो आणि प्रमाणपत्र

इथे कोडइग्नायटरचं पारडं जड. फोटो कापणं, लहान करणं, फिरवणं यासाठी त्याची स्वतःची इमेज लायब्ररी आहे. ती जीडी किंवा इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या साधनांपैकी कशावरही चालते. लारावेलवाले यासाठी सहसा इंटरव्हेन्शन इमेज हे बाहेरचं पॅकेज जोडतात.

मात्र चित्रावर मजकूर छापायची सोय दिसली म्हणून तिच्यावर प्रमाणपत्रं काढायला जाऊ नका. जीडीला देवनागरीची जुळणी येत नाही, ते चिन्हं आली तशी ओळीने मांडत जातं. जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘विमल’ची वेलांटी पुढे ‘म’वर जाऊन बसते. पावती आणि प्रमाणपत्रासाठी एमपीडीएफ ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी आणा आणि त्यात ओपनटाइप मांडणीची (फॉन्टच्या नियमांनी अक्षरं जुळवण्याची) सेटिंग चालू करा. डॉमपीडीएफ जास्त प्रसिद्ध आहे, पण मराठीत तेही असाच गोंधळ घालतं.

पाचशे पत्रं

कोडइग्नायटरची ईमेल लायब्ररी साधी आणि चांगली आहे. एसएमटीपीचे, म्हणजे पत्र पाठवणाऱ्या सर्व्हरचे, तपशील भरा, पत्र जातं. जीमेलचा पत्ता वापरणार असाल तर नेहमीचा पासवर्ड मे २०२२ पासून चालत नाही, टू-स्टेप (दोन टप्प्यांची पडताळणी) चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. सगळ्यांना एकच पत्र असेल तर बीसीसीचे (एकमेकांचे पत्ते न दिसणारे) गठ्ठे पाडायची सोयही आहे, ठरलेला गठ्ठा २०० पत्त्यांचा.

अडचण येते ती प्रत्येकाला त्याच्या नावाचं आणि थकबाकीचं पत्र द्यायचं असेल तेव्हा. ही लायब्ररी त्याच रिक्वेस्टमध्ये पत्र पाठवते. बटण दाबलं की पाचशे पत्रं संपेपर्यंत ब्राउझर गोल फिरत राहतो, आणि मध्येच टाइमआउट झाला तर कुणाला पत्र गेलं नि कुणाला राहिलं हे शोधत बसा. लारावेलमध्ये रांग, म्हणजे क्यू, गाभ्यातच आहे. पत्र रांगेत टाकलं की पान लगेच मोकळं होतं. कोडइग्नायटरचंही अधिकृत क्यू पॅकेज आहे, पण ते वेगळं बसवावं लागतं.

रांग उपसायला कुणीतरी लागतंच. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर सतत चालणारा वर्कर, म्हणजे रांगेतली कामं उरकणारा प्रोग्राम, बहुधा ठेवू देत नाहीत. तिथे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर मिनिटाला वर्कर उठवायचा आणि रांग रिकामी झाली की थांब असं त्याला सांगायचं. लारावेलमध्ये त्यासाठी पर्याय आहे. होस्टिंगवाल्याची ताशी ईमेलची मर्यादा मात्र आधीच विचारून घ्या.

लॉगिन, आणि पुढची वर्षं

लॉगिन आणि पासवर्ड विसरल्याची व्यवस्था लारावेलच्या गाभ्यात आहे, वर तयार स्टार्टर किटही मिळतात. कोडइग्नायटर ४ मध्ये गाभ्यात ती नाही. शील्ड हे त्यांचंच पॅकेज घ्यावं लागतं. पॅकेज उत्तम आहे, पण ‘सगळं आतच आहे’ या समजुतीने आलेल्याला इथे ठेच लागते.

उलट बाजूने बघा. कोडइग्नायटरची झिप उतरवून, कंपोझर या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला हात न लावता साइट उभी करता येते. लारावेलचा बाहेरच्या पॅकेजांनी भरलेला व्हेंडर फोल्डर एफटीपीने चढवत बसणं म्हणजे चहाचे दोन राउंड. कोडइग्नायटर ४.५ ला पीएचपी ८.१ पुरतं, फक्त इंटल हे पीएचपीचं जोड-एक्स्टेन्शन चालू आहे ना ते पाहा. लारावेल ११ आणि १२ ला किमान ८.२ लागतं. शिवाय लारावेलची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी येते, आणि तिला दुरुस्त्या १८ महिने व सुरक्षेचे पॅच दोन वर्षं मिळतात. म्हणजे दर दोन वर्षांनी संस्थेने अपग्रेडचे पैसे द्यायला हवेत. कोडइग्नायटर ४ फेब्रुवारी २०२० मध्ये आलं आणि अजून चारवरच आहे. ते शिकताना जुने व्हिडिओ मात्र जपून बघा. ‘लोड लायब्ररी’ म्हणणारा व्हिडिओ तिसऱ्या आवृत्तीचा असतो, आणि त्यातल्या कार्ट, कॅलेंडर, एफटीपी, झिप या लायब्ऱ्या चौथीत काढून टाकल्या आहेत.

गेल्या वेळी वाचनालयाचं काम आलं तेव्हा मी कोडइग्नायटर घेतलं, कारण लॉगिन एकट्या ग्रंथपाल बाईच करणार होत्या. वधू-वर मंडळाचं आलं असतं तर लारावेल घेतलं असतं. तिथे प्रत्येक सभासदाचं खातं असतं, आणि निम्मे पासवर्ड विसरलेले असतात.