भिजलेलं बी थांबत नाही: टेबलावरचं एनएमआर की इमेजिंग?

रुजणाऱ्या बियांवर काम सुरू करणारे विद्यार्थी मला हे हमखास विचारतात. टेबलावर मावणारं २० मेगाहर्ट्‌झचं एनएमआर यंत्र (चुंबकात ठेवलेल्या बियांतल्या पाण्याचा आणि तेलाचा सिग्नल मोजणारं) बरं, की मोठ्या चुंबकात बियांची चित्रं काढावीत? सोलापुरात राहून मी दोन्ही करून पाहिलं. ओव्हनमध्ये बी वाळवून ओलावा काढण्यापेक्षा दोन्ही सरस, कारण मोजलेलं बी पुढे पेरता येतं.

चित्राची ओढ खरी आहे. मालदांडी ज्वारीचा दाणा भिजला की पाणी आधी अंकुराच्या बाजूने शिरतं आणि पिठूळ भाग मागाहून उजळत जातो. ४०० मेगाहर्ट्‌झच्या मोठ्या यंत्रावर हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी जेवणाची वेळ विसरलो होतो. टेबलावरचं यंत्र हे कधीच दाखवणार नाही. ते सगळ्या दाण्यांची मिळून एक बेरीज देतं. मात्र कोरड्या बियांपुढे चित्राचाही फारसा उपयोग नाही. तिथलं पाणी इतकं जखडलेलं असतं की चित्र घेईपर्यंत त्याचा सिग्नल विझतो. कोरड्या करडईत दिसतं ते बहुतेक तेलच.

माझं मन फिरलं ते एका खेपेत. चित्रं काढायचं यंत्र परगावी, स्लॉट सकाळी १० चा. हिशेब करून रात्री ज्वारी भिजवली आणि ओल्या टिपकागदात गुंडाळून डबा मांडीवर घेऊन निघालो. पोचलो तर आधीच्या माणसाचं काम लांबलेलं. माझी पाळी आली संध्याकाळी. डबा उघडला, तर बहुतेक दाण्यांतून पांढरी मुळं डोकावत होती. मला हवा होता त्याआधीचा टप्पा, काट्यावर वजन जवळजवळ स्थिर राहतं तो. तो वाटेतच संपला होता.

इथे टेबलावरच्या यंत्रापाशी मी दर तासाला तेच दाणे घेतो, वरचं पाणी टिपतो (नाहीतर तेही मोजलं जातं), नळीत घालतो. मिनिटभरात टी-टूचा (सिग्नल किती वेळात विझतो त्याचा) आलेख हातात. वजन थांबलेलं असतानाही तो सरकत राहतो, कारण आतलं पाणी मोकळं होत असतं. मेलेलं बीसुद्धा सुरुवातीला पाणी पितं, म्हणून हे नंतरचे तास मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

याही यंत्राची खोड आहे. चुंबक साधारण ४० अंशांवर राखलेलं असतं, त्यामुळे मोजून झालं की बी लगेच बाहेर काढावं लागतं. शिवाय ७ मिलिसेकंदांनी परत उमटणाऱ्या सिग्नलवरून (प्रतिध्वनीवरून) तेल काढायची नेहमीची पद्धत कोरड्या बियांपुरतीच. भिजलेल्या बियांत मोकळं पाणी तेलाच्या आकड्यात मिसळतं.

तुमचा प्रश्न ‘पाणी कुठून शिरतं’ हाच असेल, तर चित्राला पर्याय नाही असं मला वाटतं. मग तिथेच दोन दिवस मुक्काम करा, आणि आपली पाळी नक्की झाल्याशिवाय बी भिजवू नका. बाकी कामाला मी टेबलावरचंच यंत्र घेईन.