दसरा ते पाडवा: जुन्या संगणकावरच्या छोट्या सॉफ्टवेअरचा सहा महिन्यांचा अनुभव

खंडेनवमीला आमच्याकडे मागांची पूजा होते आणि गेली काही वर्षे त्याच ताटातले हळदकुंकू संगणकालाही लागते. २०२५ च्या पूजेच्या वेळी त्या संगणकाची चिंता मनात होती, कारण विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती आणि आमच्या यंत्रात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने ते विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. त्या अटींनुसार इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपही लागते. यंत्र मात्र धडधाकट आहे, आठ जीबी मेमरीत आमचे सगळे काम होते. म्हणून मी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. घरगुती वापरकर्त्यांना ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते, आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्यामुळे मला पैसे भरावे लागले नाहीत. त्याच आठवड्यात मी जुनी, विसरलेली सॉफ्टवेअर काढून टाकली आणि मोजकीच ठेवली. त्यांच्यासोबतच्या सहा महिन्यांबद्दल हे लिहीत आहे.

मी दिवसा हिशेबाचे काम करते. संगणक नीटनेटका ठेवणे ही माझी हौस आहे आणि ती मी मनापासून जपते.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो ‘एव्हरीथिंग’ या शोधाच्या सॉफ्टवेअरचा. त्याची इन्स्टॉलर फाईल दोन एमबीपेक्षाही लहान आहे. अप्पांचा टॉवेल-चादरींचा व्यवसाय सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आहे आणि पंधरा वर्षांची जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणण्याची, डिझाइने आमच्या डिस्कवर साठलेली आहेत. पूर्वी जी नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढत असत, ती आता बीएमपी चित्राच्या रूपात असते आणि तिचा एकेक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक गाठभेट असते. डिसेंबरात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि अप्पांनी फोन कानाला तसाच धरून मला विचारले, “अगं, तो मोराचा काठ कुठं ठेवलाय?” मी शोधाच्या चौकटीत ‘मोर’ एवढेच लिहिले. दुसरे अक्षर पुरे होते न होते तोच अकरा फाईल समोर आल्या, त्यांतल्या सर्वांत जुन्या तारखेची फाईल उघडली आणि गिऱ्हाईक फोनवर असतानाच तिचे चित्र त्याच्याकडे पोहोचले. विंडोजच्या स्वतःच्या शोधात हेच काम करताना हिरवी पट्टी सरकत राहायची आणि अप्पा “राहू दे, मी उद्या कळवतो” म्हणून फोन ठेवायचे.

हा वेग येतो कोठून, हे समजून घेतले तर त्याची मर्यादाही कळते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाईलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. एव्हरीथिंग एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही, तो तक्ताच थेट वाचते आणि नंतरचे बदल डिस्कच्या नोंदवहीतून टिपत राहते. त्यामुळे एक्सफॅट पद्धतीचा पेनड्राइव्ह लावला तर त्यातले काही आपोआप सापडत नाही, तो फोल्डर सेटिंग्जमध्ये वेगळा जोडावा लागतो. शिवाय शोध मुख्यतः फाईलच्या नावाचा आहे, आतल्या मजकुराचा नाही.

मराठी नावे देणाऱ्यांना एक अडचण येईल, म्हणून ती सविस्तर सांगते. ‘सातबाऱ्याचा उतारा’ या नावाची फाईल समोर दिसत असूनही शोधात येत नव्हती. कारण असे निघाले की ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी टंकता येते. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. फाईलचे नाव मोबाईलवर एका तऱ्हेने लिहिले गेले होते आणि मी संगणकावर दुसऱ्या तऱ्हेने शोधत होते. आता मी ‘सातबा उतारा’ असे दोन तुकडे मध्ये जागा सोडून लिहिते. दोन्ही तुकडे ज्या नावात आहेत ती फाईल येते आणि अडचणीचे अक्षर टाळले जाते. दऱ्या, खोऱ्या, पायऱ्या, सगळ्यांना हाच उपाय लागू पडतो.

दुसरे सॉफ्टवेअर स्कॅनिंगसाठीचे ‘नॅप्स-टू’. अप्पांकडे छापील परिपत्रकांचे आणि बिलांचे दोन ट्रंका भरून कागद आहेत. नॅप्स-टू कागद स्कॅन करून पीडीएफ बनवते आणि आतली अक्षरेही ओळखते. अक्षरओळखीसाठी ते ‘टेसरॅक्ट’ वापरते, ज्याचे काम १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये सुरू झाले आणि जे २००५ पासून सर्वांसाठी खुले आहे. मराठीची भाषा-फाईल आतूनच उतरवता येते आणि मग इंटरनेटशिवाय काम चालते. घरातले कागद परक्या सर्व्हरवर जात नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेला अलीकडचा स्वच्छ छापील मजकूर शोधण्यापुरता चांगला ओळखला गेला. जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची वारंवार अदलाबदल झाली, आणि हस्ताक्षरातल्या रोजकीर्दीसमोर त्याचे काहीच चालले नाही. बनलेल्या पीडीएफ वाचायला सुमात्रा आहे, जे हलके आहे आणि क्षणात उघडते. व्हिडिओ पाहायचे व्हीएलसी आणि पत्रे-हिशेबाचे लिबरऑफिस यांच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही, कारण दोन्ही मुकाट्याने काम करतात.

आता अपडेटविषयी, कारण या सहा महिन्यांत माझे मत बदलले ते इथेच. आधी मी खूण दिसली की लगेच अपडेट करत असे. नोव्हेंबरात स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्यक प्रोग्रामने ‘महत्त्वाचे’ म्हणून सुचवलेला नवा ड्रायव्हर (स्कॅनर आणि विंडोज यांना जोडणारा प्रोग्राम) घेतला आणि नॅप्स-टूच्या यादीतून स्कॅनरच नाहीसा झाला. त्या नव्या ड्रायव्हरने काय सुधारले, हे कंपनीने एका ओळीतही सांगितलेले नव्हते. शेवटी नॅप्स-टूमध्ये स्कॅनरशी बोलण्याच्या ट्वेन या पद्धतीऐवजी डब्ल्यूआयए ही विंडोजची पद्धत निवडल्यावर स्कॅनर दिसू लागला. मग मी डिव्हाइस मॅनेजरमधून स्कॅनरच्या गुणधर्मांत जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ केले आणि तो साहाय्यक प्रोग्राम काढून टाकला.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे होते. होम मैदानावर जायच्या घाईत भाच्याने ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबले आणि पाचच मिनिटांनी वीज गेली. जुन्या यूपीएसने दहा मिनिटे तग धरला, पण अपडेट त्याहून लांबले. परत आल्यावर संगणक सुरू केला तर पडद्यावर ‘बदल पूर्ववत केले जात आहेत, संगणक बंद करू नका’ एवढेच. पाऊण तास मी त्याच्यासमोर बसून होते. नुकसान काही झाले नाही, तरी दुसऱ्याच दिवशी यूपीएसची बॅटरी बदलली.

सगळी अपडेट लांबणीवर टाकावीत, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. झिप फाईल उघडणाऱ्या सेव्हन-झिपचे उदाहरण पाहा. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज एक खूण ठेवते आणि त्या खुणेच्या आधारे उघडताना इशारा देते. सेव्हन-झिपच्या जुन्या आवृत्त्यांतल्या एका दोषामुळे ती खूण झिपच्या आतल्या दुसऱ्या झिपमधून बाहेर काढलेल्या फाईलवर येत नसे. २४.०९ या आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला, पण सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे आमच्याकडे त्याआधीचीच आवृत्ती होती आणि गिऱ्हाइकांच्या झिप फाईल रोज तिच्यातूनच उघडल्या जात होत्या. उलट बाजूला संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीसीक्लीनरची २०१७ मधली घटना आहे. त्याच्या ५.३३ या आवृत्तीत कोणीतरी घातक कोड घुसवला होता, आणि ती फाईल अधिकृत संकेतस्थळावर, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी उपलब्ध होती. उशीर केला तरी धोका आणि घाई केली तरी धोका, अशा स्थितीत सर्वांना एकच नियम लावणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून मी दोन गट केले. बाहेरून आलेल्या फाईल किंवा पाने ज्यांच्यात उघडतात ती सॉफ्टवेअर, म्हणजे ब्राउझर, सेव्हन-झिप, सुमात्रा, व्हीएलसी आणि लिबरऑफिस, यांचे अपडेट मी त्याच आठवड्यात घेते. बाकीची महिन्यातून एकदा. विंडोजची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. त्यानंतरचा रविवार मी या कामाला ठेवला आहे, म्हणजे मधल्या चार दिवसांत कोठे काही बिघडले असेल तर कानावर येते. त्या सकाळी महत्त्वाच्या फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेते, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या विनगेट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाचा ‘विनगेट अपग्रेड’ हा दोन शब्दांचा आदेश रोमन अक्षरांत देते. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आपल्याकडे आहे आणि कोणती उपलब्ध आहे, याची यादी समोर येते. सगळे एकदम अपडेट करण्याचीही सोय आहे, पण मी एकेकाचे नाव देऊनच करते. उतरवलेली फाईल तिच्या नोंदवलेल्या ठशाशी (फाईलवरून काढलेल्या ओळख-आकड्याशी) जुळते का, हे विनगेट स्वतः तपासते. यामुळे शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करण्याचा प्रसंगच येत नाही. शेजारच्या काकांनी तसेच कोठून तरी व्हीएलसी उतरवले होते आणि त्यासोबत आलेले तीन अनाहूत प्रोग्राम काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता.

पाडव्यानंतर मी पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालवून पाहत आहे, कारण वाढीव अपडेट संपण्याचा ऑक्टोबर आता दूर नाही. नॅप्स-टू, व्हीएलसी आणि लिबरऑफिस तिथेही आहेत आणि स्कॅनर पहिल्याच प्रयत्नात दिसला. एव्हरीथिंग मात्र फक्त विंडोजसाठी आहे. त्याच्या धर्तीवरचे ‘एफसर्च’ मी तिथे घेतले असून, मोराच्या काठापर्यंत ते किती लवकर पोहोचते हे अप्पांना शेजारी बसवूनच मोजणार आहे.