पहिलीच्या वर्गासाठी तिकोनी जाड पेन्सिली

मी पहिलीला शिकवते. वर्ष सुरू होताना वर्गासाठी या पेन्सिली घेतल्या, पैसे वसूल! अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपसूक तीन बाजूंवर बसतात. ‘अशी धर गं’ म्हणत बाकाबाकावर फिरणं बरंच कमी झालं. शिसं टू-बी, म्हणजे एचबीपेक्षा मऊ, त्यामुळे फार न दाबताही अक्षर गडद उमटतं. शिवाय गडगडत नाहीत, नाहीतर निम्मा तास बाकाखालीच जातो. खोट एकच, पण डोकेदुखीची: नेहमीच्या शार्पनरमध्ये जातच नाहीत. मोठ्या भोकाचा वेगळा घ्यावा लागतो, तो पाकिटात का देत नाहीत देव जाणे. मागे रबर नाही, हे उत्तम. असलं की मुलं आधी तेच चावतात. नावाच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेन पुसतं, मार्कर वापरा.