शिशाचे बायझंटाईन शिक्के घेताय? आधी हे वाचा

बायझंटाईन म्हणजे मध्ययुगातलं पूर्व रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल); तिथे पत्रांना शिशाच्या मोहरा लावत, तेच हे शिक्के. मला विकलेला शिक्का तिथल्या आयिया सोफिया या मुख्य चर्चच्या खार्तोफिलाक्सचा, म्हणजे पॅट्रिआर्कचं (तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूचं) दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, असं सांगितलं होतं. काळ अकरावं शतक. एका बाजूला बाळ येशूला घेतलेली मरियम, दुसरीकडे ‘देवमाते, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’ हा नेहमीचा ग्रीक मजकूर, पुढे नाव आणि पद. सोबत ‘जुन्या जर्मन संग्रहातून’ असा टाईप केलेला कागद. संग्रह कुणाचा, कधी विकला गेला, याचा पत्ता नाही. चारशे युरो गेले.

बिंग फुटलं ते त्याच विक्रेत्याने तसाच दुसरा शिक्का विकायला काढला तेव्हा. एकाच साच्याचे दोन शिक्के सापडणं अगदी शक्य आहे, कारण अधिकारी शेकडो पत्रांवर तोच साचा वापरायचा. पण हे शिक्के ओतलेले नसतात, ठोकलेले असतात. शिशाच्या चकतीत आरपार पोकळी ठेवलेली असते. पत्राचा दोरा त्यातून ओवायचा, चकती सांडशीसारख्या लोखंडी चिमट्यात धरायची आणि वरून हातोडा मारायचा. दोन्ही बाजू एकदम उमटतात आणि शिसं दोऱ्यावर घट्ट बसतं. चकती दर वेळी जराशी सरकते, म्हणून ठसाही सरकतो. या दोन्ही शिक्क्यांवर मात्र शेवटच्या ओळीची तीच अक्षरं तेवढीच कापली गेली होती, आणि मरियमच्या खांद्याजवळ तोच बारीक खळगा होता. दोन्ही एकाच खऱ्या शिक्क्यावरून ओतून काढलेले.

मग भिंग घेऊन माझा शिक्का तपासला. कडेवर कानस फिरवल्याच्या रेघा. दोऱ्याच्या जागी दोन्ही टोकांना ड्रिलने पाडलेली गोल भोकं, आत शिसं चकचकीत, मध्ये बंद. (खऱ्या शिक्क्यातही पोकळी दबून किंवा मातीने बुजलेली असते, त्यामुळे नुसती सुई अडली म्हणून तो खोटा ठरत नाही.)

विक्रेता ‘साचा एकच, म्हणून सारखे’ एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. बँकेत तक्रार केली, तर त्याने तोच कागद पुरावा म्हणून पुढे केला. पैसे परत मिळाले नाहीत.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट छळते. त्या काळच्या चर्चमधल्या कितीतरी माणसांची नावं फक्त अशा शिक्क्यांवरूनच कळली आहेत. बनावट शिक्क्यावर कुणी मनचं नाव कोरलं, तर कधीही न झालेला बिशप यादीत शिरेल. आणि कागदाविना फिरणारा शिक्का खरा निघाला, तरी तो बल्गेरिया किंवा तुर्कस्तानातून चोरून उकरलेला असू शकतो. मग बिशपचं पत्र कुठवर पोहोचलं होतं, हे कळायची वाटच बंद होते.

पैसे देण्याआधी कडेचे, दोऱ्याच्या दोन्ही तोंडांचे फोटो आणि वजन मागा. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संस्थेकडे सुमारे 17,000 शिक्के आहेत, त्यातले पुष्कळ ऑनलाईन फुकट पाहता येतात. तिथे तुमच्या शिक्क्यासारखाच ठसा शोधा. जुन्या लिलावाचा हवाला दिला, तर त्या वर्षीचा कॅटलॉग काढून फोटोतली भेग न् भेग जुळते का, ते स्वतः पाहा.